पहिली ऑल-ग्रेन पेल एल : ३० लिटरचं पातेलं आणि इलेक्ट्रिक शेगडी, जमेल का?

ओहायोकर :

नमस्कार मंडळी. दारूच्या धाग्यावर नाकं मुरडणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं, पुढे नुसतं तेच आहे.

मी ओहायोत असतो, काही वर्षं घरी बिअर करतोय पण आत्तापर्यंत सगळी एक्स्ट्रॅक्टची. म्हणजे डब्यातला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) घट्ट पाक पाण्यात कालवायचा, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) टाकून उकळायचं, गार करायचं, यीस्ट टाकायचं. बिअर होते, मित्र पितात, फुकट असल्यामुळे नावंही ठेवत नाहीत. पण रंग दर वेळी हवा त्यापेक्षा गडद येतो आणि घोट गिळल्यावर मागे काकवीची एक चव रेंगाळते ती मला आता नकोशी झालीय. तेव्हा यंदा डबा बंद, सरळ दाण्यापासून करायची असं ठरवलंय. काही भारी नको, साधी अमेरिकन पेल एल (फिकट रंगाची बिअर), कॅस्केड जातीच्या हॉप्सवाली, ५ गॅलन (१९ लिटर).

अडचण अशी की यूट्यूबवर बघावं तर प्रत्येकाकडे तीन-तीन स्टीलची पिंपं, पंप, डिजिटल कंट्रोलर. माझ्याकडे एक ३० लिटरचं स्टीलचं पातेलं आहे, काचेच्या टॉपची इलेक्ट्रिक शेगडी आहे, फर्मेंटर (आंबवायचं भांडं), हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी), बाटल्या, बुचं लावायचं यंत्र हे सगळं आधीचं आहे. एवढ्यात भागेल का? रेसिपी काय धरू? आणि पाण्याचं काय करायचं, नळाचं चालतं का? बायकोची अट एकच, संध्याकाळपर्यंत किचन पूर्ववत दिसलं पाहिजे.

पेलाभर :

भागेल, मजेत भागेल. मी पोर्टलंडला (ओरेगॉनवालं) आहे आणि माझ्या गराजमध्ये ती तीन पिंपं आहेत, तरी सांगतो की पहिल्या ऑल-ग्रेनला ती नकोत.

तुम्ही पिशवीवाली पद्धत करा, ब्रू इन अ बॅग, ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रूढ केलेली. एकाच पातेल्यात पाणी तापवायचं, आत पॉलिएस्टरच्या जाळीदार कापडाची मोठी पिशवी सोडायची, तिच्यात माल्टची भरड ओतायची, तासभर ठेवायचं, पिशवी उचलून निथळायची की खाली राहिलं ते माल्टचं गोड पाणी म्हणजे वर्ट. पुढचं सगळं तुम्ही एक्स्ट्रॅक्टला करता तेच. पिशवी पातेल्याच्या तोंडाएवढी रुंद हवी, छोटी घेतलीत तर दाणे आत गच्च बसतात आणि पाणी फिरतच नाही. बुडाशी एक कुकरमधली जाळी टाका नाहीतर खालून आच लावलीत की कापड वितळून चिकटेल.

दाणे : १० पाउंड टू-रो पेल माल्ट (हे मुख्य), अर्धा पाउंड क्रिस्टल ४० (रंग आणि गोडीसाठीचं माल्ट). बस. म्हणजे साधारण पावणेपाच किलो. लोक यात म्युनिक, व्हिक्टरी, व्हीट, काय काय घालतात, पहिल्या वेळी घालू नका, नाहीतर चव आवडली तर कशामुळे आणि नाही आवडली तर कशामुळे, काहीच कळणार नाही. दुकानातूनच दळून आणा आणि त्यांना सांगा पिशवीसाठी आहे, थोडं बारीक दळा. भरड कशी ओळखायची तर मूठभर हातावर घेऊन बघायची, अख्खा दाणा एकही दिसता कामा नये. अख्खा दाणा म्हणजे पैसे देऊन आणलेली साखर आत कोंडून परत फेकणं.

आता पाणी. एकूण २९-३० लिटर लागेल कारण दाणे ३-४ लिटर पितात, तासाभराच्या उकळीत ४ लिटर उडतं, आणि तळाचा गाळ लिटर-दीड लिटर सोडून द्यावा लागतो. तुमच्या पातेल्यात एवढं पाणी आणि दाणे एका दमात मावणार नाहीत. म्हणून २२ लिटर पातेल्यात घ्या, उरलेलं ७ लिटर दुसऱ्या भांड्यात ७५ डिग्री सेल्सियसच्या आसपास तापवून ठेवा. पातेल्यातलं पाणी ७१-७२ ला गेलं की भरड हळूहळू ओता, एकीकडे ओतायचं एकीकडे ढवळायचं, दोन माणसं लागतात खरं तर, गोळे होऊ द्यायचे नाहीत. गोळा झाला की बाहेरून ओला, आतून कोरडं पीठ. सगळं पडल्यावर तापमान ६७ वर येऊन थांबतं. मग शेगडी बंद, झाकण, आणि पातेल्याला गोधडी गुंडाळून तासभर विसरा. मधे एकदा-दोनदा ढवळलंत तर उत्तम. तासाभरानंतर पिशवी उचला, मोठ्या चाळणीत ठेवून ते ७ लिटर पाणी तिच्यावरून सावकाश सोडा, मग पिळा. पिळू नये, कडवटपणा उतरतो असं जुने लोक सांगतात, मी बिनधास्त पिळतो, काही होत नाही. हातात जाड रबरी मोजे घाला मात्र.

शेगडीची गोष्ट वेगळी. काचेच्या टॉपवर २५ लिटरला खळखळून कढ येणं कठीण, त्या शेगड्या मधेच आपणहून बंद-चालू होत राहतात, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा काय दिलीय ती आधी बघा. दोन रस्ते आहेत. एक तर प्रोपेनचा बर्नर आणा आणि घराबाहेर अंगणात सिमेंटवर ठेवून उकळा, लाकडी डेकवर नको आणि गराजचं दार उघडं ठेवून आत तर मुळीच नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नाहीतर सगळं निम्मं करा, अडीच गॅलनची बॅच, साधारण २४ बाटल्या होतात आणि शेगडीला झेपतं. मला विचाराल तर पहिली निम्मीच करा. पण तुम्ही करणार नाही माहितीये, कोणीच करत नाही.

हॉप्स पूर्ण ५ गॅलनला : उकळी फुटल्यावर मॅग्नम हॉप्स २० ग्रॅम (१२ टक्के अल्फा ॲसिडवाले, कडूपणा त्यानेच येतो) ६० मिनिटांसाठी, कॅस्केड १ औंस शेवटची १० मिनिटं उरली असताना, आणि कॅस्केड अजून १ औंस आच बंद केल्या केल्या. ३५-३८ आयबीयूच्या (कडूपणाचं माप) घरात बसतं. पाकिटावरचा अल्फा ॲसिडचा आकडा वाचा, दर वर्षीच्या पिकाचा वेगळा असतो. यीस्ट यूएस-०५ चं एक पाकीट.

ओजी (आंबवण्याआधीची घनता) १.०५२ च्या आसपास यावी, एफजी (आंबून झाल्यावरची) १.०११. म्हणजे फरक ०.०४१ गुणिले १३१.२५, ५.४ टक्के अल्कोहोल.

शंकेखोर :

मी बिअर करत नाही, नुसती पितो, पण वाचायला मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न, ६७ च का? ६० ला किंवा ८० ला काय बिघडतं?

पेट्रीडिश :

बाळबोध नाहीये, सगळी मेख तिथेच आहे. मी मायक्रोबायोलॉजीवाली आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते.

सातूला मोड आणून, वाळवून, हलकं भाजलं की माल्ट. आपण नाचणीचं सत्त्व करताना नाचणीला मोड आणतो ना, तोच प्रकार. मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारी एन्झाइम्स तयार होतात, कारण कोंबाला खायला साखर लागते. आपण दाणा वाळवून त्या कोंबाचा कार्यक्रम आटोपतो आणि एन्झाइम्स स्वतःसाठी वापरतो.

कामाची दोन. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी. बीटा-अमायलेज ६०-६५ डिग्रीला खूश असतं, ते साखळीच्या टोकाकडून माल्टोज (एक साखर) तोडत जातं आणि माल्टोज यीस्ट सगळं खातं, त्यामुळे बिअर कोरडी (कमी गोड), हलकी होते. अल्फा-अमायलेजला ६८-७२ मानवतं, ते साखळी मधेच कुठेही तोडतं, त्यातून मोठे तुकडेही राहतात जे यीस्टला खाता येत नाहीत, ते बिअरमध्ये अंग म्हणून उरतात. ६७ ला दोघंही काम करतात. ६४ ला केलीत तर जास्त कोरडी, ६९ ला केलीत तर जड, दोन्ही बिअरच आहेत, घाबरायचं काही नाही. ८० ला मात्र दोन्ही एन्झाइम्स मरतात आणि हातात नुसती पेज उरते.

स्टार्च संपलं का ते बघायचं असेल तर पांढऱ्या बशीत दोन थेंब वर्ट घ्या, त्यावर आयोडीनचा थेंब. काळं-निळं झालं तर अजून स्टार्च आहे, आयोडीनचा रंग तसाच तांबूस राहिला तर झालं. तो थेंब बशीतच मारायचा, परत पातेल्यात ओतायचा नाही.

आता ज्याबद्दल कोणी विचारलं नाहीये पण ज्याच्यावर सगळ्यात जास्त बिअरी वाया जातात ते सांगते. ओहायोकर, तुम्ही दाणे, पिशवी, शेगडी यावर एवढा विचार करताय, फर्मेंटर कुठे ठेवणार ते लिहिलंच नाहीये. यूएस-०५ ला १८ ते २० डिग्री द्या. खोली २० ला असली म्हणजे फर्मेंटर २० ला असतो असं नाही, यीस्ट जोरात असताना आतलं तापमान खोलीपेक्षा ३-४ डिग्री वर जातं. मग २४-२५ ला फ्यूझेल नावाची जड अल्कोहोल तयार होतात आणि चव उग्र होते. बेसमेंट असेल तर तिथे ठेवा. नसेल तर मोठ्या टबात पाणी घालून त्यात फर्मेंटर उभा करा आणि वरून जुना ओला टी-शर्ट चढवा, दोन-चार डिग्री सहज खाली येतं. पहिले तीन-चार दिवस महत्त्वाचे, नंतर वर गेलं तरी चालतं, उलट शेवटी २१ ला नेलं तर यीस्ट स्वतःचाच कचरा (डायअसिटाइल वगैरे) नीट साफ करतं.

स्वच्छता तुम्हाला नव्याने सांगायला नको. उकळी संपेपर्यंत हात कसेही असू देत, उकळी संपल्यावर जे जे वर्टला लागेल ते ते सॅनिटायझरमधून काढलेलं हवं. स्टार सॅन लिटरला दीड मिली, फेस राहिला तरी धुवायचं नाही, तसाच ठेवायचा.

आणि उरलेला दाणा फेकू नका. त्यातली साखर गेलेली असते, पण फायबर आणि प्रथिनं असतात. आमच्याकडे ओला चोथा मिक्सरमधून काढून भाजणीत मिसळून थालीपीठ होतं, कांदा जरा जास्त घालायचा. फोलं दातात येतात म्हणून सासूबाईंनी एकदाच खाल्लं, मुलं मात्र मागून खातात. कुत्रा असेल तर एक लक्षात ठेवा, हॉप्सचा गाळ त्याच्या तोंडी लागू देऊ नका, कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात, अंगातला ताप एकदम चढतो आणि जिवावर बेतू शकतं.

डर्बीकर :

पाण्याचा प्रश्न सगळे विसरले की काय. मी इंग्लंडात डर्बीला असतो, बर्टन-अपॉन-ट्रेंट इथून हाकेवर, आणि पेल एल हे प्रकरण जगभर गाजलं ते या बर्टनच्या पाण्यामुळे. विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा चोख आणि कोरडा लागतो. दुसऱ्या गावचे ब्रूअर मग स्वतःच्या पाण्यात जिप्सम घालून बर्टनची नक्कल करायला लागले, आजही करतात.

तुम्हाला एवढं खोलात जायची गरज नाही पण दोन गोष्टी करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. क्लोरीन उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून जातं, क्लोरामाइन तसं जात नाही, आणि ते माल्टमधल्या फिनॉल्सबरोबर जमलं की बिअरला जखमेच्या पट्टीचा, दवाखान्याचा वास येतो, थोडंसं असलं तरी येतो. त्याला इलाज फुटकळ किमतीचा, कॅम्पडेनची गोळी (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट). एक गोळी २० गॅलनला पुरते, तुमच्या ३० लिटरला अर्धी चुरून टाकली की काही मिनिटांत काम झालं. दुसरं, जिप्सम एक छोटा चमचा, ५ ग्रॅम धरा, सगळ्या पाण्याला मिळून. तुमच्या गावचा पाण्याचा रिपोर्ट नगरपालिकेच्या साइटवर असतो तो बघा, सल्फेट आधीच लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या वर असेल तर जिप्सम घालू नका.

पिशवीला माझा किंचित विरोध आहे. साधा पिकनिकचा कूलर आणा, तोटीच्या आतल्या बाजूला स्टीलची जाळीदार नळी बसवा, तापमान तासाभरात एक डिग्रीसुद्धा हलत नाही आणि वर्ट काय निवळ येतं. ओली पिशवी हातात धरून उभं राहायला कमरेत जोर लागतो, माझं वय आता तेवढं नाही. आणि टू-रोच्या जागी कधीतरी मॅरिस ऑटर हे इंग्लिश माल्ट घेऊन बघा, बिस्किटाचा वास म्हणजे काय ते कळेल.

पेलाभर :

काका, कूलर मान्य, पण तो पुढच्या वेळी. आधीच माणूस तीन पिंपं बघून घाबरलाय. वर्ट गढूळ आलं तरी उकळताना आणि गार होताना प्रथिनं खाली बसतात, शेवटच्या १० मिनिटांत व्हर्लफ्लॉकची (गाळ खाली बसवणारी) अर्धी गोळी टाकली की साका छान बसतो. मॅरिस ऑटरचं मात्र खरंय.

शनिवारपेठी :

मंडळी, तोंडाला पाणी सुटलं. पुण्यात हे करता येईल का? माल्ट मिळवता येईल, हॉप्स कोणी येताना आणेल. कायद्याचं काय?

डर्बीकर :

सरळ उत्तर, नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे आणि घरच्यापुरती म्हणून त्यात सूट नाही. तिकडे प्यायलासुद्धा परवाना लागतो कागदोपत्री, तर करायला लागणारच. मायक्रोब्रूअरीचा परवाना मिळतो पण तो धंद्यासाठी, गच्चीवरच्या पातेल्यासाठी नाही. तेव्हा पुण्यात असाल तर मायक्रोब्रूअरीत जाऊन प्या आणि इथे वाचा.

आमच्याकडे इंग्लंडात १९६३ पर्यंत घरी करायला लायसन लागायचं, ते त्या वर्षी उठवलं. अमेरिकेत तर दारूबंदी उठली १९३३ ला, तेव्हा घरच्या वाइनला मुभा दिली आणि बिअर राहून गेली ती १९७८ पर्यंत. जिमी कार्टरनी सही केली तेव्हा कुठे घरची बिअर केंद्राच्या कायद्यात बसली.

पेलाभर :

बरोबर, आणि मर्यादा एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. विकायची नाही. राज्यांचे नियम वेगळे, मिसिसिपी आणि अलाबामा २०१३ पर्यंत अडून बसले होते. आणि बिअर चालते म्हणून कोणी भट्टी लावू नका, घरी दारू गाळणं हा केंद्राचा गुन्हा आहे.

विषय निघालाच आहे तर, ओहायोकर जी बिअर करायला निघालेत तिचा सगळा इतिहास याच काळातला आहे. कॅस्केड हा हॉप ओरेगॉनमध्ये तयार झाला, सरकारी संशोधनातून, १९७२ ला बाजारात आला. त्याला ग्रेपफ्रूटसारखा, म्हणजे पपनसाच्या जातीतला वास. मग कॅलिफोर्नियात चिको गावात केन ग्रॉसमन, जो आधी होमब्रूइंगचं सामान विकायचं दुकान चालवायचा, त्याने जोडीदाराबरोबर सिएरा नेवाडा काढली आणि १९८० पासून कॅस्केड भरभरून घातलेली पेल एल करायला लागला. तुमचं ते यूएस-०५ म्हणजे त्याच चिको घराण्यातलं यीस्ट. म्हणजे घरी करणाऱ्यांची बिअर कारखान्यात गेली आणि आता आपण ती परत घरी करतोय.

ओहायोकर :

सगळ्यांचे आभार, केवढं लिहिलंत. ठरलं, प्रोपेनचा बर्नर आणला (निम्मी बॅच नाही केली, पेलाभर यांनी बरोबर ओळखलं), पिशवी आणली, कॅम्पडेन, जिप्सम सगळं घातलं.

आत्ता, या क्षणी, अंगणातून लिहितोय. मॅश (भरड गरम पाण्यात मुरवणं) झक्क झाला, ६७ वर लागलं, तासाभराने ६५.५ होतं, गोधडी कामाला आली. आयोडीनचा थेंब तांबूसच राहिला. उकळताना पहिल्या पाच मिनिटांत फेस सरसरत काठापर्यंत आला, पाण्याचा फवारा मारून बसवला. शेजारचे आजोबा कुंपणावरून विचारून गेले की टर्की तळताय का. हॉप्स पडले, आता तांब्याची वेटोळी नळी आत घालून गार करणं सुरू आहे. आणि आत्ता हायड्रोमीटर बघितला तर १.०३९! १.०५२ यायला हवी होती ना? आयोडीन तर पास झालं, मग साखर गेली कुठे? डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची साखर) घालून वर आणू का? लवकर सांगा.

पेट्रीडिश :

काही घालू नका, थांबा. सँपल किती गरम आहे?

ओहायोकर :

५५ डिग्री.

पेट्रीडिश :

मग साखर कुठेही गेलेली नाही. हायड्रोमीटर २० डिग्रीला बरोबर दाखवतो (काही जुने १५.५ ला, कागदावर छापलेलं असतं बघा). गरम द्रव पातळ असतो, त्यात तो जास्त बुडतो आणि आकडा कमी दिसतो. ५५ ला साधारण १३ पॉइंट (०.०१३) कमी दाखवतो, म्हणजे तुमचं १.०५२ च्याच आसपास आहे. ऑनलाइन तक्ते आहेत पण एवढ्या गरमला ते अंदाजेच धरायचे. सँपलची नळी बर्फाच्या पाण्यात ठेवा, २० ला आलं की परत वाचा.

पेलाभर :

आणि गार झाल्यावर खरंच कमी आली असती तरी डेक्स्ट्रोजला माझा नकारच होता. ४ टक्क्यांची बिअर झाली असती, काय बिघडतं? खरी कमी येते तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण दळणात असतं.

गार करताना पातेल्यातली नळी हळूहळू फिरवत राहा, नुसती बुडवून ठेवली तर तिच्या भोवतीचंच वर्ट गार होतं. १८-१९ ला आलं की फर्मेंटरमध्ये वरून धबाधबा ओता, फेस होऊ दे, यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन हवा असतो. त्यानंतर मात्र बाटली भरेपर्यंत हवा लागू द्यायची नाही.

ओहायोकर :

१.०५१!! जीव भांड्यात पडला. फर्मेंटरमध्ये १९ लिटर भरली, यीस्ट टाकलं, बेसमेंटमध्ये ठेवली, तिथे १६-१७ असतं. किचनची अट पाळली कारण किचन वापरलंच नाही, फक्त सिंकमध्ये पावणेपाच किलो दाण्यांचा ढीग पडलाय तो बघून घरातून एक नजर मिळाली. थालीपिठाचं नाव काढलं तर म्हणाली आधी उचल.

पुढचे दोन प्रश्न. एक, फेस बसल्यावर दुसऱ्या फर्मेंटरमध्ये काढायची का? माझ्या जुन्या पुस्तकात तसं लिहिलंय. दोन, बाटल्यांमध्ये साखर किती?

डर्बीकर :

दुसरीकडे काढू नका. ती जुनी रीत, मेलेल्या यीस्टवर बिअर राहिली तर चव बिघडते अशी भीती होती, दोन-तीन आठवड्यांत काहीही होत नाही. उलट काढताना हवा लागते ती वाईट, हॉप्सचा वास आधी उडतो आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. दोन आठवडे हात लावू नका. एअरलॉकचे (झाकणावरची वायू बाहेर सोडणारी नळी) बुडबुडे मोजत बसू नका, झाकण सैल असलं तरी ते बंद पडतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, एफजी तीच आली म्हणजे संपलं.

पेट्रीडिश :

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. एफजी स्थिर नसताना भरलेली बाटली फुटते, काच उडते, आमच्या ओळखीत एकाच्या कपाटाचं दार फुटलंय. १.०११-१.०१२ ला थांबायला हवी. १.०२० ला अडकलेली वाटली तर भरू नका, वर घरात आणा, २१ ला ठेवा, फर्मेंटर हलकेच गोल हलवून यीस्ट जागं करा.

साखर : १९ लिटरला घरातली साधी साखर ११० ग्रॅम, डेक्स्ट्रोज असेल तर १२५. दीड-दोन वाट्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून, बाटल्या भरायच्या बादलीत आधी ती ओता, मग वरून सायफनने बिअर सोडा, नळीचं टोक बुडाशी ठेवून, खळखळ नको. वाटीने अंदाजे मोजू नका, काट्यावर मोजा. बाटल्या तपकिरी घ्या, हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड गेला की हॉप्समधल्या कडू द्रव्याची मोडतोड होऊन स्कंकचा (घाण वास सोडणारा अमेरिकेतला प्राणी) वास येतो, तुम्ही ओहायोत आहात म्हणजे तो वास ओळखत असालच. फिरवून उघडायच्या बाटल्या नकोत, बूच नीट बसत नाही.

पेलाभर :

१२ औंसच्या ५० बाटल्यांची तयारी ठेवा, ४८ च्या आसपास भरतात. भरल्यावर बेसमेंटमध्ये नाही, २१-२२ ला ठेवा दोन आठवडे, गारठ्यात यीस्ट झोपतं आणि मग लोक तक्रार करतात की फेसच नाही. एखादी बाटली प्लास्टिकची भरा, सोड्याची, ती दाबून बघितली की आतलं प्रेशर कळतं, उगाच काचेच्या उघडून बघायला नकोत. प्यायच्या आदल्या रात्री उभी फ्रीजमध्ये, आणि ओतताना शेवटचा बोटभर साका बाटलीतच ठेवायचा.

शनिवारपेठी :

आणि तो साका प्यायला तर?

पेट्रीडिश :

काही नाही, यीस्टच आहे, बी जीवनसत्त्व मिळेल. पोटात गॅस होतो, दुसऱ्या दिवशी मीटिंग असेल तर टाळा.